नॅनो संशोधन केंद्राचा आठवडा: सामायिक कामांना नाव कसं लावायचं

आम्लांच्या कपाटात मागच्या रांगेत आम्हाला एकदा एक तपकिरी बाटली सापडली. अर्धी भरलेली. लेबल होतं, पण वाफांनी त्यावरची शाई उडून गेली होती. तारखेतला एक '७' तेवढा उरला होता. बाटली ज्याची, तो बहुधा कधीच पदवी घेऊन गेलेला. आत काय आहे ते सांगता येत नाही म्हणून कचरा उचलणारे ती नेईनात, आणि आत काय आहे ते माहीत नाही म्हणून उघडायलाही कोणी धजेना. त्या एका बाटलीपायी तीन आठवडे गेले.

गंमत म्हणजे तेव्हाही आमच्याकडे आठवड्याचं वेळापत्रक होतं. चांगलं रंगीत, दारावर चिकटवलेलं. त्यात शुक्रवारसमोर लिहिलं होतं, 'साफसफाई: सर्वांनी'. सर्वांनी म्हणजे कोणीच नाही, हे कळायला ती बाटली लागली.

विद्यापीठातल्या नॅनो केंद्राची अडचण मुळातच अशी आहे. भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, अभियांत्रिकी अशा वेगवेगळ्या विभागांतले गट तीच उपकरणं वापरतात. स्वतःच्या प्रयोगशाळेत माणूस ओटा पुसतो, कारण उद्या तिथेच उभं राहायचं असतं. केंद्रात तो पाहुणा असतो, आणि पाहुण्याच्या हातात फडकं कोण देणार? म्हणून इथला आठवडा बसवताना कामांची यादी करून भागत नाही, प्रत्येक कामासमोर एक माणूस उभा करावा लागतो. तो कसा करायचा, ते क्रमाने सांगतो.

पायरी १: बेवारस वस्तूंची यादी

मोठ्या उपकरणांपासून सुरुवात करू नका. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला ऑपरेटर असतो, देखभालीचा करार असतो, त्याची काळजी सगळेच करतात. वही घेऊन केंद्रात एक चक्कर मारा आणि ज्याला कोणी वाली नाही ते लिहीत जा: वजनकाटा, सॉनिकेटर (ध्वनिलहरींनी द्रावण ढवळणारं यंत्र), सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून गाळ वेगळा करणारं यंत्र), ओव्हन, नमुन्यांचा फ्रिज, डीआय (आयन काढून शुद्ध केलेल्या) पाण्याचा नळ, गाऊनचा रॅक, आयवॉश (डोळे धुवायचा फवारा), प्रथमोपचार पेटी, काचसामान वाळवायचा स्टँड. आमची पहिली यादी ३८ वस्तूंची झाली होती.

आता प्रत्येक ओळीत पाच रकाने: काय, कोण, ती व्यक्ती नसेल तर कोण, कोणत्या दिवशी, आणि सही. 'कोण' या रकान्यात गटाचं नाव लिहायचं नाही, माणसाचं लिहायचं. गटाचं नाव लिहिलं की काम गटातल्या सगळ्यात नव्या विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतं, आणि त्याला ते कोणी शिकवलेलं नसतं.

पाळी लावायची की माणूस कायम ठेवायचा, यावर प्रत्येक केंद्रात वाद होतो. माझं मत सांगतो. पुसणं, भरणं, रिकामं करणं ही कामं दर आठवड्याला फिरवा. पण ज्या कामात कान आणि डोळा तयार व्हावा लागतो, म्हणजे पंप, चिलर (उपकरणं थंड ठेवणारं पाणी फिरवणारं यंत्र), ग्लोव्हबॉक्स (हातमोजे जोडलेली हवाबंद पेटी), तिथे वर्षभर एकच माणूस ठेवा. पंपाचा आवाज बदलला हे त्यालाच कळतं, ज्याने तो गेल्या आठवड्यातही ऐकलाय.

पायरी २: सोमवारची फेरी

सोमवारी कोणी उपकरण सुरू करायच्या आत ही फेरी झाली पाहिजे. पाऊण तास लागतो. नियम एकच: फेरीच्या कागदावर 'ठीक' लिहायचं नाही, टिक करायची नाही, आकडा लिहायचा. कारण टिक फक्त आजचं सांगते, आकड्याला मागच्या आठवड्याचा आकडा शेजारी मिळतो. नायट्रोजनच्या सिलिंडरचा दाब शुक्रवारी १२० बार आणि सोमवारी ७० बार असेल, आणि मधल्या दोन दिवसांत कोणी वायू वापरलाच नसेल, तर गळती आहे. टिकवाल्या कागदावर दोन्ही दिवशी 'ठीक' असतं. गळती शोधायला साबणाचं पाणी पुरतं. रेग्युलेटरच्या जोडावर लावा आणि बुडबुडे येतात का बघा. त्याच वेळी साखळ्याही ओढून पाहा. सिलिंडर बदलणारा घाईत साखळी नुसती अडकवून जातो.

द्रव नायट्रोजनच्या खोलीत शिरण्याआधी बाहेरच्या ऑक्सिजन मॉनिटरवर नजर टाका. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो; साधारण १९.५ टक्क्यांना मॉनिटर ओरडतो. एक लिटर द्रव नायट्रोजनचा खोलीच्या तापमानाला सुमारे ७०० लिटर वायू होतो, आणि त्याला ना रंग ना वास. अलार्म वाजत असेल तर तो बंद करायला आत जायचं नाही. हे वाक्य दारावर मोठ्या अक्षरांत हवं, कारण शहाण्यासुरत्या माणसालाही पहिला मोह तोच होतो.

पुढे व्हॅक्यूम पंप. रोटरी पंपाच्या काचेच्या खिडकीत तेल दोन खुणांच्या मध्ये हवं, आणि पातळीपेक्षा रंग महत्त्वाचा. तेल दुधाळ दिसलं तर पाण्याची वाफ आत गेली आहे. गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडणारी झडप) उघडून पंप थोडा वेळ तसाच चालू ठेवा, बहुतेक वेळा तेल निवळतं. काळपट झालं असेल तर मात्र बदला, चालढकल नको. चिलरमध्ये पाण्याची पातळी, तापमान आणि प्रवाह, तिन्ही आकडे लिहा.

डीआय पाण्याची रोधकता २५ अंश सेल्सिअसला १८.२ मेगाओम-सेंटिमीटर दाखवली पाहिजे. शुद्ध पाण्याची ही वरची मर्यादा आहे, म्हणून आकडा तिथून उतरायला लागला की कार्ट्रिज संपत आलं असं समजा आणि त्याच दिवशी मागवा.

क्लीनरूमच्या, म्हणजे गाळलेल्या हवेच्या धूळमुक्त खोलीच्या, दाराजवळचा दाबमापक आत जास्त दाब दाखवत असेल तर हवा आतून बाहेर जाते, धूळ आत येत नाही. फरक साधारण १० ते १५ पास्कलचा असतो. तुमच्या खोलीचा नेहमीचा आकडा लिहून ठेवा आणि त्याच्याशी तुलना करा. तो हळूहळू घसरत असेल तर फिल्टरवर शंका घेण्याआधी कोणी दार पाचर लावून उघडं ठेवलं आहे का, ते बघा. आमच्याकडे दोनदा कारण तेच निघालं.

फ्युम हूडसाठी (वाफा बाहेर ओढून नेणारं काचेच्या दाराचं कपाट) टिश्यूची एक पट्टी काचेच्या खालच्या कडेला चिकटवून ठेवा. ती आत ओढली जात असेल तर हूड ओढतोय. नेमका वेग, साधारण सेकंदाला अर्धा मीटर, हा वेगमापकाने अधूनमधून मोजायचा. पण पट्टी रोज दिसते.

फेरीच्या शेवटी आयवॉश. नळाला जोडलेला आयवॉश आठवड्यातून एकदा चालवून पाहणं हे अमेरिकी मानक झेड ३५८.१ मध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे, आणि याइतकं टाळलं जाणारं काम दुसरं नाही, कारण खाली पाणी सांडतं. बादली लावा आणि चालवा. महिनाभर न चालवलेल्या आयवॉशमधून पहिले काही क्षण तांबूस पाणी येतं. आम्ल उडालेला डोळा त्या पाण्याखाली धरल्याची कल्पना करा, मग बादली आणायचा कंटाळा येत नाही. शेजारच्या पेटीतल्या कॅल्शियम ग्लुकोनेट जेलची मुदतही याच वेळी बघा. हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरत असाल तर हे २.५ टक्क्यांचं जेल हाताशी नसताना ती बाटली उघडायचीसुद्धा नाही.

पायरी ३: एक पानाची सूचना

फेरी झाली की त्याच सकाळी आठवड्याची सूचना निघाली पाहिजे. एकच पान. क्रम असा: आधी काय बंद आहे, मग कोणी केव्हापर्यंत काय करायचं आहे, आणि शेवटी व्याख्यानं-कार्यक्रम. संचालकांना व्याख्यान वर हवं असतं; नम्रपणे खालीच ठेवा. ज्याचा स्लॉट (उपकरणावर राखून ठेवलेली वेळ) आहे त्याला एक्सआरडी (क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासणारं उपकरण) बंद आहे हे पहिल्या ओळीत दिसायला हवं.

सूचनेची भाषा हा खरा मुद्दा. 'सर्व वापरकर्त्यांनी ओव्हनच्या परिसरात स्वच्छता राखावी ही विनंती' हे वाक्य कोणीही स्वतःसाठी वाचत नाही. त्याऐवजी लिहा: 'ओव्हन २ मध्ये शुक्रवारपासून तीन बीकर आहेत, एकावर निळी टेप. बुधवारी दुपारी ४ वाजता ते कचऱ्यात जातील.' मंगळवारी दुपारपर्यंत बीकर नाहीसे होतात. कोणाचं नाव घेतलेलं नसतं, पण निळ्या टेपवाल्याला बरोबर कळतं.

पायरी ४: स्लॉट

इथे फार नियम करू नका, तीन पुरतात. स्लॉट रद्द करायचा असेल तर २४ तास आधी. सुरुवातीच्या अर्ध्या तासात माणूस आला नाही तर स्लॉट खुला. आणि रात्री एकट्याने काम नाही. रसायनं, द्रव नायट्रोजन किंवा उच्च व्होल्टेज असेल तर हाकेच्या अंतरावर दुसरा माणूस हवाच. एसईएमसाठी (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी) आणखी एक गोष्ट बुकिंगच्या वेळीच विचारा: नमुना काय आहे? ओला, सुटी भुकटी किंवा चुंबकीय असेल तर ऑपरेटरशी आधी बोलणं झालं पाहिजे. सुटी चुंबकीय भुकटी भिंगाकडे ओढली गेली की पुढचा महिना सगळ्यांचाच जातो.

पायरी ५: मंगळवारी खुणेचा नमुना

प्रत्येक मोजणाऱ्या उपकरणावर आठवड्यातून एकदा तोच नमुना, त्याच सेटिंगवर मोजायचा. सिलिकॉन यासाठी सोयीचा. एक्सआरडीत कॉपर के-अल्फा क्ष-किरणांनी त्याचं (१११) शिखर २८.४४ अंशांना येतं. रामनमध्ये (विखुरलेल्या लेसर प्रकाशावरून पदार्थ तपासणाऱ्या उपकरणात) त्याची रेषा ५२०.५ प्रति सेंटिमीटरच्या आसपास. वजनकाट्याला प्रमाणित वजन. आकडे उपकरणाशेजारी भिंतीवर लावलेल्या आलेखावर हाताने मांडा. संगणकातली फाईल कोणी उघडत नाही, भिंतीकडे मात्र जाता-येता लक्ष जातं.

हे का, ते एका प्रसंगाने सांगतो. एका विद्यार्थिनीच्या पातळ थरात रामनची रेषा दोन एककांनी सरकलेली दिसली. थरात ताण आहे, असा अर्थ लावून तिने पंधरा दिवस हिशेब केले, आकृत्या काढल्या. मग कोणीतरी भिंतीवरचा आलेख पाहिला. त्या आठवड्यापासून सिलिकॉनचीच रेषा दोन एककांनी सरकलेली होती. ताण थरात नव्हता, उपकरणाच्या कॅलिब्रेशनचा घोटाळा होता. बिंदू मांडणाऱ्याने तो इमानाने मांडला होता, पण बोलला कोणाशीच नव्हता. तेव्हापासून आलेखावर दोन लाल रेघा आहेत, आणि बिंदू बाहेर गेला की उपकरणावर लगेच पाटी लागते.

पायरी ६: बुधवारी क्लीनरूम

याला अर्धा दिवस द्या आणि त्या वेळेत एकही स्लॉट देऊ नका.

आयएसओ ५ वर्गाच्या खोलीत एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रोमीटर किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त चालत नाहीत. जुन्या बोलीत हाच 'क्लास १००'. आयएसओ ७ मध्ये ही मर्यादा ३,५२,००० आहे. वरून खाली सतत गाळलेली हवा सोडायची आणि तिच्याबरोबर कण वाहून न्यायचे, ही कल्पना अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेच्या विलिस व्हिटफील्डने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्यक्षात आणली. पण हवा फक्त उडत्या कणांना नेते. जो कण बसला, तो बसला. तो हातानेच पुसावा लागतो.

पुसण्याची दिशा ठरलेली आहे: वरून खाली, स्वच्छ भागाकडून कमी स्वच्छ भागाकडे, आतल्या भिंतीपासून दाराकडे. फडकं तंतू न सोडणारं. त्याची दोनदा घडी घाला, म्हणजे एकामागून एक स्वच्छ बाजू मिळत जातात, आणि ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ते ओलसर करा, थबथबीत नको. मग एका दिशेने सरळ पट्टे ओढायचे, पुढचा पट्टा आधीच्यावर थोडा चढवायचा. गोल गोल पुसायचं नाही. गोल पुसणं म्हणजे कणांना खोली फिरवून आणणं. प्रत्येक पट्ट्याला नवी बाजू. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून सुरू करण्याआधी सगळ्या हॉटप्लेट बंद आणि गार झालेल्या हव्यात.

दाराशी असलेल्या चिकट मॅटचा वरचा थर काढताना चारही कोपरे मध्याकडे आणत, धूळ आत गुंडाळत, सावकाश उचला. फर्रकन ओढलात तर आठवडाभर पकडलेलं सगळं एका क्षणात परत हवेत.

गाऊनच्या रॅकपाशी कपडे बदलणाऱ्यांकडे पाच मिनिटं नुसतं बघा, म्हणजे अर्धं निदान होतं. क्रम वरून खाली आहे: केसांची टोपी, डोकं-मान झाकणारा हूड, अंगरखा, बूट, मग हातमोजे. सगळ्यात जास्त चूक होते ती अंगरखा चढवताना; बाही जमिनीला लागते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. साधा कागद, पेन्सिल आणि पुठ्ठ्याची खोकी आत जात नाहीत. नवं सामान आलं की खोकं बाहेरच फोडायचं, वस्तू पुसून आत न्यायची.

पिवळे दिवेही तपासा. फोटोरेझिस्टवर, म्हणजे आकृती उमटवण्यासाठी वेफरवर (सिलिकॉनच्या चकतीवर) लावलेल्या प्रकाशसंवेदी थरावर, निळ्या आणि अतिनील प्रकाशाचा परिणाम होतो म्हणून ते पिवळे असतात. आमच्याकडे एका सज्जन कारागिराने बंद पडलेला दिवा बदलताना 'उजेड चांगला पडावा' म्हणून पांढरा बसवला होता. दोन दिवस सगळ्या वेफरवरच्या आकृत्या धूसर येत होत्या आणि आम्ही डेव्हलपरला (थर धुऊन आकृती उमटवणाऱ्या द्रावणाला) शिव्या देत होतो.

साफसफाई संपल्यावर लगेच कण मोजू नका. हवा थोडी स्थिर होऊ द्या आणि दर वेळी त्याच जागी मोजा.

नॅनो-भुकटी हाताळायच्या खोलीचे नियम याहून वेगळे. तिथे झाडू पूर्ण बंद, कोरडं फडकं बंद. ओल्या फडक्याने पुसायचं आणि हेपा फिल्टरचा (अतिबारीक कण अडवणाऱ्या गाळणीचा) व्हॅक्यूम क्लीनर वापरायचा. साधा क्लीनर भुकटी मागच्या बाजूने खोलीभर उधळतो. नवे विद्यार्थी हमखास विचारतात की हेपा ०.३ मायक्रोमीटरचे ९९.९७ टक्के कण पकडतो, मग आपले २० नॅनोमीटरचे कण सुटून जाणार नाहीत का? नाही. ०.३ च्या आसपासचे कण पकडायला सगळ्यात अवघड, म्हणून परीक्षा त्या आकारावर घेतात. त्याहून बारीक कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी वेडेवाकडे भटकतात आणि तंतूंवर आपणहून आदळतात. ॲल्युमिनियमसारख्या धातूंच्या बारीक भुकटीला मात्र यातलं काहीच लावायचं नाही. ती पेट घेते, आणि ओली करून साठवली तर हायड्रोजन सोडू शकते. तिची विल्हेवाट सुरक्षा अधिकाऱ्यालाच विचारायची.

पायरी ७: गुरुवारची बैठक आणि प्रशिक्षण

पाहुण्यांचं व्याख्यान, जर्नल क्लब, गटांचे अहवाल हे आपापलं होत राहतं. त्यात एकच भर घाला: शेवटची दहा मिनिटं फसलेल्या प्रयोगासाठी. कोणाचा थर सोलला गेला, कोणाचं द्रावण रात्रीत गाळ होऊन बसलं. वरिष्ठ प्राध्यापकाने आधी स्वतःचं सांगितलं तरच विद्यार्थी बोलतात.

नव्या वापरकर्त्याचं प्रशिक्षण तीन टप्प्यांत: आधी बघायचं, मग देखरेखीखाली करायचं, मग एकट्याने करून दाखवायचं. हायड्रोफ्लोरिक आम्लाचं प्रशिक्षण वेगळं आणि सक्तीचं. ते काच खातं, म्हणून प्लास्टिकची भांडी. आणि पातळ आम्ल त्वचेवर पडलं तर वेदना काही तासांनी सुरू होते, म्हणून 'काही झालं नाही' असं म्हणणाऱ्या माणसालाही लगेच धुऊन, जेल लावून डॉक्टरकडे न्यायचं.

पायरी ८: शुक्रवारच्या बाटल्या

लेबल बाटली रिकामी असतानाच लावायचं, पहिला थेंब पडायच्या आधी. 'भरल्यावर लिहू' म्हणणाऱ्याचा फोन वाजतो, तो बाहेर जातो आणि बाटली अनाथ होते. लेबलवर पूर्ण नावं, गटातली लाडकी संक्षिप्त रूपं नाहीत, सुरुवातीची तारीख, माणसाचं नाव. पेन्सिलने लिहा किंवा लेबलवर पारदर्शक टेप लावा. तो एकटा '७' मी अजून विसरलेलो नाही.

आम्लं, अल्कली, क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट, इतर सॉल्व्हंट, हायड्रोफ्लोरिक, नॅनोकणांची द्रावणं, प्रत्येकाची बाटली वेगळी. नायट्रिक आम्ल आणि सेंद्रिय सॉल्व्हंट एकाच बाटलीत कधीही नाही. आधी काही घडत नाही, मग बंद बाटलीत वायू साठत जातो आणि मध्यरात्री कपाटाचं दार उडतं. पिरान्हा द्रावण, म्हणजे साधारण तीन भाग सल्फ्युरिक आम्लात एक भाग हायड्रोजन पेरॉक्साइड, वापरानंतर उघड्या भांड्यात हूडमध्ये रात्रभर गार होऊ द्यायचं आणि मग वायू सोडणाऱ्या झाकणाच्या बाटलीत ओतायचं. त्यात ॲसिटोनचा थेंबही जाता कामा नये. बाटली काठोकाठ भरायची नाही, आणि प्रत्येक बाटली ट्रेमध्ये.

सिंकमध्ये काहीच ओतायचं नाही, 'थोडंसंच' असलं तरी. चांदीचे नॅनोकण जंतू मारतात हीच त्यांची ख्याती. सांडपाणी शुद्ध करणारे जंतू त्याला अपवाद कसे असतील?

त्यानंतर फ्रिज. नाव नसलेली प्रत्येक कुपी लाल ट्रेमध्ये, दोन आठवडे मुदत, सूचनेत फोटो. जेवणाचा डबा सापडला तर तोही लाल ट्रेमध्ये.

शेवटी अर्धा तास लॉगबुकं वाचायची. सही झाली का ते बघायचं नाही, वाचायचं. एका आठवड्यात स्पटरिंगच्या (निर्वातात पातळ थर चढवणाऱ्या उपकरणाच्या) वहीत मंगळवारी 'पंपाला वेळ लागला', बुधवारी 'पंप हळू', गुरुवारी 'नेहमीसारखं' अशा तीन वेगवेगळ्या हातांच्या नोंदी होत्या. तिघांपैकी कोणीच दुसऱ्याची नोंद वाचली नव्हती. चेंबरच्या दाराच्या ओ-रिंगवर (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यावर) एक बारीक तंतू अडकला होता, तो काढायला दोन मिनिटं लागली.

सुट्टीच्या आठवड्यासाठी

लांब सुट्टी असेल तर गुरुवारीच ठरवा: काय बंद करायचं, काय चालू ठेवायचं, द्रव नायट्रोजन कोण भरणार. पंप आणि चिलर बंद करायचा क्रम उपकरणावर चिकटवा, कारण तो उलटा झाला तर तेल चेंबरमध्ये शिरू शकतं. आणि दारावर आणीबाणीसाठी जे दोन फोन नंबर लिहिलेले असतात, ते त्याच दाराशी उभं राहून एकदा लावून बघा. आम्ही लावले तेव्हा पहिला बंद होता. दुसरा लागला, चार वर्षांपूर्वी केंद्र सोडून गेलेल्या विद्यार्थ्याने उचलला आणि विचारलं, "सर, माझी एखादी बाटली राहिली आहे का?"